शहर कुणाच्या जिवावर राखलं?

परक्या फौजेनं शहर घेतलं, राजा पळाला, वाड्यावर झेंडा बदलला. आता पुढं काय? शहरात दडून बसलेल्या बंडखोरांना कसं आवरायचं? हा वाद जगात जुना आहे. फ्रेंचांनी १९५७ साली अल्जिअर्समध्ये घातला, अमेरिकेनं २००४ साली फल्लुजात घातला. एक पक्ष म्हणतो, घराघरांत शिरा, पकडा, मारा. दुसरा म्हणतो, बंदुकीनं शहर मिळतं पण टिकत नाही, म्हणून तिथल्या वजनदार लोकांना हाताशी धरा. तिसरा म्हणतो, शहर सोडा आणि बाहेर फिरणाऱ्या मुख्य फौजेचा पाठलाग करा.

मीरा-भाईंदरच्या आमच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा पोरं तट पाडून भांडली. कुणी सेनापतीच्या बाजूनं, कुणी बंडखोरांच्या. शेवटी एक पोरगी म्हणाली, "दादा, या दोन्ही पक्षांत आपण कुठं असतो?" मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला. कारण हा वाद आपल्या मातीत होऊन गेलाय, त्यात आपले पूर्वज हातात बंदूक घेऊन उभे होते, आणि वादाचा निकाल लागला तो त्यांच्या पाठीवर लिहिला गेला. तेवढ्यासाठी हे लिहितोय.

आपल्या खाडीपासून सुरुवात

आपण राहतो तो मुलूखच मुळी घेतलेल्या शहरांचा. खाडीपलीकडं वसईचा किल्ला, पूर्वेला घोडबंदर, त्यापुढं ठाणं, आणि पश्चिमेला उत्तनच्या वाटेवर चौकच्या डोंगरावर धारावीचा किल्ला. धारावी म्हटलं की लोकांना मुंबईतली झोपडपट्टी आठवते. पण आपली धारावी वेगळी. वसईच्या खाडीच्या तोंडावरचं ते नाकं. तिथं तोफा चढवल्या की समुद्रातून वसईला जाणारी मदत अडवता येते. म्हणून १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीज आणि मराठे त्या डोंगरासाठी झुंजले.

पोर्तुगीजांनी वसईभोवती भक्कम तट बांधला होता. तटाच्या आत त्यांची चर्चं, मठ, फिदाल्गोंचे वाडे. तटाबाहेर मीठ पिकवणारी, भात लावणारी, मासे मारणारी रयत. त्यांच्या धर्माचरणावर बंदी, जमिनीवर मालकी दुसऱ्याची. तट कितीही जाड असला तरी बाहेरचा माणूस तुमचा नसेल तर रात्री पहारा कुणावर टाकणार? १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं ते स्थानिक माणसांच्या मदतीनं. अंजूरच्या नाईक घराण्यानं त्यासाठी आधी कित्येक वर्षं पुण्याला खेटे घातले होते. दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज हत्यारांसह मानानं बाहेर पडले आणि गेले.

आज धारावीच्या डोंगरावर चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. असू द्या. आपल्याला त्यातून एवढंच उचलायचंय की घेतलेलं शहर तटानं राखता येत नाही, हा धडा आपल्या खाडीनं सगळ्यांना दिला होता. इंग्रज मुंबईत बसून हे सगळं बघत होते. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आपल्याकडं ठेवली. म्हणजे आपण ज्या जमिनीवर राहतो ती पुण्याच्या पस्तीस वर्षं आधी कंपनीच्या हातात गेली होती. त्याच ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांनी पेशव्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे कैदेत ठेवला होता. गोऱ्या शिपायांचा पहारा असताना १८१६ च्या सप्टेंबरात तो निसटला, आणि पुण्याच्या युद्धाची एक ठिणगी तिथंच पडली.

पुणं, नोव्हेंबर १८१७

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पेशव्याकडं पंचवीस हजारांच्या घरात फौज, कंपनीकडं तीन हजारांच्या आत. तरी पेशव्याला बाजी मारता आली नाही. जनरल स्मिथ आपली फौज घेऊन येऊन पोहोचला, १६ तारखेला येरवड्याला चकमक झाली, रात्री बाजीराव पळाला. १७ नोव्हेंबरला पुणं कंपनीच्या ताब्यात आलं. शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा बाळाजीपंत नातूंनी लावला असं मराठी इतिहासात सांगतात. हे नाव लक्षात ठेवा. ते गोऱ्याचं नाही, महाराचंही नाही.

आता सेनापतींपुढं तोच जुना पेच उभा राहिला. पुणं मोठं शहर. पेशव्याच्या आश्रयावर जगणारी हजारो कुटुंबं: कारकून, शास्त्री, पुजारी, शिलेदार, सावकार. राजा पळाला असला तरी हरलेला नाही. त्याचे घोडेस्वार मोकळे हिंडताहेत. शहर राखायला मोठी फौज ठेवली तर पाठलाग कोण करणार? पाठलागाला सगळी फौज नेली तर मागं शहर उठलं तर?

इंग्रजांनी पाठलाग पत्करला. २२ नोव्हेंबरच्या सुमारास स्मिथ आणि एल्फिन्स्टन मुख्य फौज घेऊन निघाले. पुण्यात कर्नल बर मोजकी फौज घेऊन राहिला. शहराची लूट होऊ दिली नाही, ही एल्फिन्स्टनची पहिली चाल. त्याचा रेसिडेन्सीचा बंगला, त्यातली पुस्तकं, कागद, सगळं पेशव्याच्या माणसांनी जाळलं होतं. तरी त्यानं शहराला हात लावू दिला नाही. हा काही दयाळूपणा नव्हता. ज्याच्या घरात लूट शिरते तो उद्या दाराआड तलवार घेऊन बसतो, एवढं त्याला कळत होतं.

बाजीराव साताऱ्याकडं, पंढरपूरकडं, मग उलटा फिरून जुन्नरच्या अंगाला गेला. डिसेंबरअखेर तो खेड-चाकणवरून पुण्याकडं वळला. बरच्या पायाखालची जमीन सरकली. शहरात थोडी फौज, बाहेर पेशव्याची वीस-पंचवीस हजारांची. त्यानं शिरूरला निरोप धाडला: मदत पाठवा.

कोरेगाव

३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे पाचशे शिपाई. अडीचशेच्या आसपास घोडेस्वार. दोन तोफा आणि त्यावरचे पंचवीसेक मद्रासी तोफखान्याचे गोरे गोलंदाज. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठावर आले तर समोर पेशव्याची फौज. ते कोरेगावात शिरले.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. दिवसभर लढाई. समोरून अरब, गोसावी आणि शिस्तीचं पायदळ गावात घुसत होतं. तोफ एकदा शत्रूच्या हातात गेली, परत मिळवली. रात्रभर चालून आलेले शिपाई, पोटात अन्न नाही, आणि नदी समोर असून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट नाही. कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशेच्या घरात. रात्री पेशव्याची फौज मागं हटली.

आपल्या पोरांना मी नेहमी सांगतो, लढाई जशी झाली तशी सांगा. वाढवायची गरज नाही. स्टॉन्टन पुण्याला पोहोचलाच नाही, तो शिरूरला परत गेला. पेशव्याच्या फौजेत सगळे ब्राह्मण नव्हते आणि कंपनीच्या फौजेत सगळे महार नव्हते; मराठे, रजपूत, मुसलमान, बेने इस्रायलीही होते. महार पूर्वी मराठ्यांच्या फौजांतही लढलेत, खर्ड्याच्या शिदनाकाची आठवण लोक अजून सांगतात. हे सगळं कबूल केल्यानं काही कमी होत नाही. स्मिथ मागून येतोय या धास्तीनं बाजीराव हटला असेल, पण स्मिथ येईपर्यंत त्याला दिवसभर थोपवून धरलं कुणी? आणि पुण्यावर हल्ला झाला नाही, ही गोष्ट उरतेच. बरनं मदत मागितली होती शहर वाचवण्यासाठी. मदत पोहोचली नाही, पण शहर वाचलं. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावं आहेत. त्यांतली २२ 'नाक' शेवट असलेली, म्हणजे आपली.

आता विचार करा. ज्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागायचं, असं बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात नोंदवलंय, त्या पुण्याच्या वाटेवर हे पडले. ते कंपनीसाठी लढत होते, पगारासाठी लढत होते, कबूल. पण हातात बंदूक आली की माणूस ताठ उभा राहतो, ही गोष्ट पगाराच्या वहीत लिहिलेली नसते.

एल्फिन्स्टनचा हिशेब

इथपर्यंत तलवारीचं काम झालं. शहर राखायचं खरं काम पुढं सुरू झालं आणि ते कागदावर झालं.

११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून एल्फिन्स्टननं जाहीरनामा काढला. पेशव्याच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावं. वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानांची उत्पन्नं, सगळी चालू राहतील. साताऱ्याच्या छत्रपतींना राज्य दिलं जाईल. मित्रांनो, लष्करी डावपेच म्हणून या कागदाकडं बघा. दहा पलटणींचं काम त्यानं केलं. ज्याचं इनाम सुरक्षित झालं तो बाजीरावासाठी मरायला कशाला जाईल? २० फेब्रुवारीला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडला, ३ जूनला बाजीराव माल्कमला शरण आला. त्याला वर्षाला आठ लाख रुपये तनखा मिळाला, आणि तो बिठूरला जाऊन राहिला.

शहर राखायचा दुसरा मार्ग एल्फिन्स्टनला माहीत नव्हता असं नाही. पुण्यात आणि साताऱ्यात गोऱ्यांना मारायचा कट उघडकीला आला तेव्हा त्यानं म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईचा गव्हर्नर नेपियन घाबरला, म्हणाला, उद्या कायदा आड येईल, विलायतेहून माफीचा कायदा करून घ्या. एल्फिन्स्टननं नकार दिला. चूक केली असेल तर शिक्षा करा, बरोबर केलं असेल तर माफी कशाला, असा त्याचा बाणा. म्हणजे एका हातात तोफ, दुसऱ्या हातात इनामाची सनद. आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की तोफ एकदोनदा दाखवायची असते, सनद रोज.

दक्षिणा चालू राहिली. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी खर्चानं संस्कृत पाठशाळा उघडली, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. ज्या वर्गाकडून बंडाचं भय, त्याच्या ताटात आधी वाढायचं. कोरेगावच्या स्तंभाचा पाया घातला तोही याच वर्षी, १८२१ मध्ये. एकाच वर्षात एकाला पाठशाळा आणि एकाला दगडावर नाव.

कुणी म्हणेल, तुम्ही उगाच जोड लावता. मग एल्फिन्स्टनचंच ऐका. पुढं तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्या काळात त्यानं शिक्षणावर एक टिपण लिहिलं. त्याचा आशय असा: मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींतले विद्यार्थी उत्तम आढळतात, पण आपण त्यांना खास उत्तेजन देताना जपून असावं. आपलं शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते वरच्यांत पसरणारच नाही, आणि ज्या वर्गाला बाकीचे तुच्छ मानतात अशा वर्गाचे आपण पुढारी होऊन बसू. आणि त्याच्या पुढचा मुद्दा तर सरळ लष्करी आहे. आपली सत्ता नुसत्या फौजेवर किंवा लोकांच्या एका भागाच्या प्रेमावर उभी ठेवायची असेल तर हे चालेल; पण ती रुंद पायावर उभी करायची असेल तर चालणार नाही.

हे पुन्हा वाचा. खालच्या जातींची पोरं हुशार निघतात हे त्याला माहीत होतं. ती आपल्यावर माया करतील हेही माहीत होतं. तरी तो नको म्हणतो. का? कारण त्यांच्या मायेला बाजारात भाव नाही. ती उलटली तरी शहर उठत नाही. उठतं ते वरच्यांना दुखावलं की. बंडखोराला शांत ठेवायचा खर्च होता, आणि तो खर्च जो बंड करू शकत नाही त्याच्या खात्यावर टाकला गेला.

बाबासाहेबांनी हे टिपण शोधून काढलं आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढं अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडताना पुढं ठेवलं. शंभर वर्षांचा सरकारी कागद काढून त्यांनी सरकारच्याच हातात दिला. दप्तरात शिरायचं कशासाठी, ते यातून शिकावं.

काबूलचा दाखला

एल्फिन्स्टनचा हिशेब सत्तेच्या बाजूनं किती बरोबर होता हे बघायचं तर काबूल बघा. १८३९ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काबूल घेतलं. डोंगरातल्या घिलझाई सरदारांना खिंडी मोकळ्या ठेवण्यासाठी पैसे देत होते. १८४१ मध्ये खर्च वाचवायला ते पैसे कापले. लगेच खिंडी बंद. २ नोव्हेंबरला शहर उठलं, बर्न्सला त्याच्या घरात मारलं. जानेवारी १८४२ मध्ये फौज बर्फातून माघारी निघाली. साडेचार हजार लढवय्ये, आणि त्यांच्यामागं बारा हजारांच्या आसपास नोकर, हमाल, भिस्ती, बायकापोरं. जलालाबादला पोहोचला डॉक्टर ब्रायडन. या फौजेचा सेनापती होता विल्यम एल्फिन्स्टन, आपल्या पुण्याच्या एल्फिन्स्टनचा चुलतभाऊ.

इंग्रजी पुस्तकांत ब्रायडनच्या घोड्याचंही चित्र असतं. त्या बारा हजारांतल्या भिस्त्यांचं चित्र कुणी काढलं? दोन चुलतभावांच्या दोन शहरांत डावपेच उलटसुलट होते, पण एक गोष्ट सारखी. तळाच्या माणसाचा हिशेब दोन्हीकडं नव्हता.

इराकात २००३ मध्ये अमेरिकेनं तिथली फौजच बरखास्त केली. हत्यारं चालवता येणारी लाखो माणसं बेकार झाली आणि शहरं पेटली. फल्लुजा दोनदा लढून २००४ मध्ये घेतलं. नंतर शहाणपण आलं आणि २००७ च्या सुमारास टोळ्यांच्या प्रमुखांना हाताशी धरून त्यांच्या माणसांना पगार सुरू केला. म्हणजे फिरून साताऱ्याच्या जाहीरनाम्यावर आले. अल्जिअर्समध्ये मास्यूच्या पॅराट्रूपर्सनी १९५७ साली छळ करून शहर जिंकलं आणि पाच वर्षांत देश सोडावा लागला. तेव्हा नुसत्या छळानं शहर टिकत नाही हे खरंच आहे. पण जे टिकवतं, ते कुणाशी सौदा करून टिकवतं, हे विचारायचं आपलं काम आहे.

मुंबई, १८५७

हा वाद मुंबईतही झाला. १८५७ मध्ये उत्तरेत बंड पेटलं तेव्हा मुंबईच्या सरकारला आणि ब्रिगेडियर शॉर्टला धास्ती होती शहरातल्या मुसलमानांची. मोहरमला दंगा होणार म्हणून फौजा वस्त्यांवर नजर ठेवून उभ्या करायच्या, असा बेत. पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेटचं मत उलटं. तो म्हणाला, शहर उठणार नाही, धोका तुमच्या पलटणीतच आहे. तो हिंदुस्थानात वाढलेला, इथल्या भाषा बोलणारा. वेष पालटून रात्री गल्ल्यांतून फिरायचा. सोनापूरजवळच्या एका घरात शिपायांची खलबतं चालायची, भिंतीला भोकं पाडून ती त्यानं स्वतः ऐकली आणि लष्करी अधिकाऱ्यांनाही ऐकवली. १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गादिया या दोघांना मैदानात तोफेच्या तोंडी दिलं. आजचं आझाद मैदान ते.

फोर्जेट जिंकला, शॉर्ट हरला. पण बघा, दोघंही शहराकडं एकाच डोळ्यानं बघत होते: कोण उठेल? कुणाला भूक लागलीय, कुणाला पाणी मिळत नाही, कुणाला शाळेत घेत नाहीत, हा प्रश्न लष्करी चर्चेत येतच नाही. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. सरकारनं तो दिला नाही. एका पोरासाठी बाकीचे नाराज व्हायला नकोत. त्या पोराचं नावही आपल्याला माहीत नाही, पण तो विश्रामबागवाड्याच्या जमाखर्चातली एक वजाबाकी होता.

हातातली बंदूक काढून घेतली

पुढं काय झालं? ज्यांनी कोरेगाव राखलं त्यांच्यावरच पाळी आली. १८५७ नंतर फौजेची फेरमांडणी झाली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा पोटभेद निघाला, लॉर्ड रॉबर्ट्ससारखे सेनापती त्याचे पुरस्कर्ते. सवर्ण शिपाई अस्पृश्याबरोबर राहायला तयार नाही, तर काढा कुणाला? उत्तर तयारच होतं. १८९२–९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली.

नुसता पगार गेला नाही. फौजेत शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, फौजेच्या शाळेत शिकवत होते. त्या घरात, महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले. त्यानंतर दोनच वर्षांत ते दार लागलं. अजून किती घरांतला भीमराव त्या दारावरून माघारी गेला असेल?

दार ठोठावायला माणसं उभी राहिली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर शिपाई, त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली, १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. अर्जांचा सूर विनवणीचा आहे, म्हणून आजची काही पोरं नाक मुरडतात. मी म्हणतो, हसू नका. इनाम नाही, सावकारी नाही, वर्तमानपत्र नाही, अशा माणसांकडं तेव्हा एकच दाखला होता: आमच्या बापजाद्यांनी तुमचं शहर राखलं. तोच दाखला ते पुन्हा पुन्हा दाखवत होते.

पहिल्या महायुद्धात शिपाई कमी पडले तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. आग लागली की बोलावायचं आणि विझली की हाकलायचं, ही रीत त्यांनी समितीत बसून मोडली.

कोरेगाव ते लंडन

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचं चवदार तळं. मला या दोन तारखा शेजारी ठेवून बघायची सवय लागलीय. कोरेगावात शिपाई दिवसभर पाण्यावाचून लढले. त्यांच्या नातवंडांना शंभर वर्षांनी सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायला लढावं लागलं, आणि मधल्या काळात राज्य होतं त्याच सरकारचं, ज्याच्यासाठी ते लढले.

म्हणून १९३० च्या नोव्हेंबरात लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब उभे राहिले तेव्हा त्यांनी कोरेगावची बक्षिसी मागितली नाही. त्यांनी हिशेब मागितला. इंग्रज येण्याआधी आम्हाला विहिरीवर, देवळात, पोलिसांत, फौजेत जागा नव्हती. आज आहे का? मग त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं. हे सरकार अन्याय दिसत असूनही हात घालत नाही, कारण हात घातला तर विरोध होईल अशी त्याला भीती वाटते. असलं सरकार आमच्या कामाचं नाही.

मित्रांनो, शंभर वर्षांच्या लष्करी वादाचं सार या एका मुद्द्यात आहे. विरोधाची भीती. एल्फिन्स्टनच्या टिपणात तीच, धारवाडच्या शाळेत तीच, भरतीबंदीत तीच. सरकारला ज्याचं भय वाटतं त्याला ते राखतं. ज्याचं प्रेम गृहीत धरलंय त्याला विसरतं. बाबासाहेबांनी उत्तर म्हणून दुसरी पलटण मागितली नाही. त्यांनी सत्तेत वाटा मागितला. कारण राखणदाराला वाड्याच्या दारात बक्षीस मिळतं, वाड्यात जागा मिळत नाही.

आपण काय करायचं

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंनी कोरेगावला जातो. २०१८ मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, तिथं आपल्या लोकांवर दगड पडले. तेव्हा जाणं आणखी गरजेचं झालंय. पण नुसतं जाऊन येऊ नका. मी आमच्या वर्गातल्या पोरांना तीन कामं दिलीत, तुम्हीही घ्या.

एक. स्तंभावरची नावं वहीत उतरवा. सगळी ४९, फक्त आपली २२ नाही. बरोबर कोण कोण मेलं ते कळू द्या.

दोन. एल्फिन्स्टनचा साताऱ्याचा जाहीरनामा, त्याचं शिक्षणावरचं टिपण आणि बाबासाहेबांचं सायमन कमिशनपुढचं निवेदन, हे तीन कागद एका बैठकीत वाचा. इंग्रजी जड जाईल. शब्दकोश घेऊन बसा. आपल्याआधीच्यांनी कंदिलाखाली वाचलंय.

तीन. उद्या कुठल्याही शहराच्या लढाईची चर्चा कानावर आली, बगदादची असो वा आणखी कुठली, तर सेनापती की बंडखोर एवढ्यावर थांबू नका. त्या शहरात गटारं कोण साफ करतंय, पाणी कोण वाहतंय, आणि तह झाला तर तहाच्या कागदावर त्यांच्यासाठी एक ओळ आहे का, ते शोधा. पेपरात नसेल. नसतं तेव्हाच शोधायचं.

त्या पोरीच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. या वादात आपण दोन्ही पक्षांच्या फौजेत होतो आणि दोन्ही पक्षांच्या तहात नव्हतो. तहाच्या टेबलाशी आपला माणूस पहिल्यांदा बसला तो १९३० साली, आणि तिथं त्याला कुणी प्रेमानं बोलावलं नव्हतं. तो वाचून, लिहून, भांडून तिथं गेला होता. पुढच्या रविवारी वर्ग सकाळी दहाला आहे. वह्या घेऊन या.

जयभीम.